रडलं होतं का? – सातपुड्यातल्या माता-बाल आरोग्याच्या कामाबद्दल

गोमाईकाठ | रविवार, रात्री ९.४०

माहेरी शहाद्याला गेले की आत्या दर वेळी विचारते, "तू डॉक्टर नाही, नर्स नाही. मग दवाखान्याचं काम करते म्हणजे नेमकं करते काय?" मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते. विषय आई आणि बाळ, भाग बहुतेक वेळा धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि इकडे चोपडा-यावलच्या डोंगरपट्ट्यातले पाडे. आत्याला दोन वाक्यांत कधीच नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे बाळ किंवा बाळंतीण गेली त्या घरी जाऊन विचारपूस करणं. डोंगरातले बरेच मृत्यू घरी किंवा वाटेत होतात. तिथे शवविच्छेदन नसतं, केसपेपर नसतो. मग घरच्यांशी बोलून, लक्षणं क्रमाने विचारून मृत्यूचं कारण शोधावं लागतं. एका घरी दोन-अडीच तास सहज जातात. पावरी किंवा भिलोरी बोलणारी त्याच भागातली बाई सोबत असल्याशिवाय मी जात नाही. नवरा, सासरा, पोलीस पाटील असे सगळे समोर बसलेले असले की बाई बोलत नाही. त्यांना चहा होईपर्यंत बाहेर थांबवायला लागतं, आणि त्याला हिंमत लागते.

या सगळ्यात एक प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. "बाळ झाल्यावर रडलं होतं का?"

का, ते सांगते. बाळ जन्मलं, एकदा श्वास घेतला आणि दहा मिनिटांनी गेलं, तर तो जिवंत जन्म आणि नवजात मृत्यू (पहिल्या २८ दिवसांतला). बाळ पोटातच किंवा बाहेर येतायेता गेलं असेल, तर तो उपजत मृत्यू. बालमृत्यूदर (एक वर्षाच्या आतल्या बाळांचा) हजार जिवंत जन्मांमागे मोजतात, त्यामुळे उपजत मृत्यू त्यात धरलाच जात नाही. आता आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं काय म्हणतात आठवा. "मेलेलंच जन्मलं, जाऊ दे." यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. आईला कमी लागावं, सुतक-पाणी लांबू नये, पोलीस-चौकशी होईल की काय ही भीती, सगळं त्यात असतं. कधी नोंद करणाऱ्यालाही तेच सोयीचं पडतं, कारण नवजात मृत्यू लिहिला की मृत्यू अन्वेषणाचे कागद, वरून फोन, बैठकीत उभं राहणं आलं. असं करत एक जिवंत जन्मलेलं लेकरू दुसऱ्या रकान्यात जातं.

फरक फक्त आकड्यात पडत नाही. श्वास नीट न घेता जन्मलेल्या बाळाला कोरडं करून, पाठ चोळून, लागलं तर पिशवी-मास्कने हवा देऊन वाचवता येतं. पहिल्या मिनिटाचं काम आहे ते. पण "मेलेलंच जन्मलं" असं लिहिलं की त्या उपकेंद्रात मास्क होता का, नर्सबाईला तो वापरता येत होता का, हा प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही.

महाराष्ट्राचा बालमृत्यूदर २०२० साली हजार जिवंत जन्मांमागे १६ होता. देशात चांगल्या राज्यांत आपण बसतो. पण राज्याच्या सरासरीत पुण्या-मुंबईचं बाळ आणि तोरणमाळच्या मागच्या पाड्यावरचं बाळ एकत्र मोजलं जातं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, त्याला आता पाव शतक उलटून गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही फेऱ्यांत या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची निघाली. राज्यात हे प्रमाण ३६ टक्के होतं.

कमी वजनाचं मूल तीन वर्षांचं झाल्यावर अंगणवाडीत दिसतं. त्याची सुरुवात आईच्या पोटात झालेली असते, आणि तिथपर्यंत आपण फार उशिरा पोचतो. मला या धाग्यात याच पहिल्या काळाबद्दल बोलायचंय. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.

---

केळीबाग_रावेर | रविवार, रात्री १०.१५

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. रडलं का नाही यावरून एवढं ठरतं, हे माहीत नव्हतं. एक साधी शंका. आता आमच्याकडे जवळजवळ सगळ्या डिलिव्हऱ्या दवाखान्यातच होतात. १०२, १०८ ला फोन केला की गाडी येते. तरी बाळं का जातात?

---

गोमाईकाठ | रविवार, रात्री १०.५०

दादा, तुमच्या रावेरात सपाटीला गाडी येते. बिलगाव किंवा मोलगीच्या पलीकडच्या काही पाड्यांना गाडी लागायला रस्ताच नाही. बाईला बांबूच्या झोळीतून खांद्यावर आणतात, लोक त्याला 'बांबुलन्स' म्हणतात. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांना बोट लागते. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावचा रस्ता बंद.

पण समजा बाई पोचली आणि दवाखान्यात नीट बाळंत झाली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती. पुढे काय? दोन दिवसांत, कधी दुसऱ्याच सकाळी, ती घरी. नवजात बाळांचे सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. म्हणजे बाळ घरी आल्यावरचे दिवसही धोक्याचेच, आणि नेमके त्याच दिवसांत ते कोणाच्या नजरेत नसतं. कमी दिवसांचं, पावणेदोन-दोन किलोचं बाळ गार पडतं, ओढून दूध पीत नाही, पाचव्या दिवशी सुस्त होतं. घरचे म्हणतात, "शांत आहे, झोपतं." जंतुसंसर्ग झालेलं बाळ फार वेळा रडत नाही, ते गप्प होतं.

हे ओळखायला गावातलीच शिकवलेली बाई पुरते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवलं. ३९ गावांत काम केलं, तुलनेला ४७ गावं ठेवली. त्यांच्या आरोग्यदूत बायका घरी जाऊन बाळाचं वजन करत, ऊब देत, श्वास तपासत, जंतुसंसर्ग वाटला तर इंजेक्शनसुद्धा देत. कामाच्या गावांत नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला, तुलनेच्या गावांत जवळपास तसाच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ पासून आशांच्या घरभेटींच्या रूपाने देशभर गेलं. इंजेक्शनचा भाग मात्र आशांकडे दिलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

---

आशा_चोपडा | सोमवार, दुपारी २.०५

मी आशा आहे. चोपडा तालुक्यात, डोंगराकडची दोन गावं आणि तीन पाडे माझ्याकडे आहेत. गोमाईकाठ ताई, तुम्ही लिहिलेलं आमच्या रोजचंच आहे.

भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. पाडा सहा किलोमीटर आहे आणि पावसात नाला भरतो. हे तक्रार म्हणून नाही लिहीत, लोकांना माहीत असावं म्हणून लिहिते.

वजन करू देत नाहीत. झोळीच्या काट्याला बाळ टांगलं की सासू म्हणते नजर लागेल. मी काय करते, पर्समध्ये काजळाची डबी ठेवते. आधी आजीच्या हाताने तीट लावायला सांगते, मग वजन. त्यानंतर कोणी अडवत नाही. बाळ २५०० ग्रॅमच्या खाली असलं की आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून वरून लुगडं बांधायला शिकवते, कांगारूसारखं. आजीलाही बांधते. आजी तयार झाली तर घर तयार.

दुसरी गोष्ट चिकाची. पहिलं पिवळं दूध फेकायचं, आणि तोवर बाळाला गुळाचं पाणी नाहीतर घुटी. माझ्या पहिल्या वेळी माझी सासूसुद्धा म्हणाली होती, "ते खराब दूध शे, काढी टाक." मी तेव्हा आशा नव्हते. टाकलं मी. आता प्रत्येक घरी ते सांगते, की मी टाकलं होतं आणि माझा मुलगा दोन महिने सारखा आजारी होता. आयआयटी मुंबईचे स्तनपानाचे मराठी व्हिडिओ मोबाईलवर दाखवते. बाळाचं तोंड नुसत्या बोंडीला नाही, काळ्या भागाला लागलं पाहिजे, हे बोलून समजत नाही, पाहून समजतं.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो. उचल घेतलेली असते, कोयता घेऊन जोडपं ऊसतोडीला जातं, सातव्या महिन्यातली बाईसुद्धा. बाळंतपण फडावरच्या कोपीत. होळीला परत येतात तेव्हा कडेवर बाळ असतं, किंवा नसतं. नसलं तर ते कुठल्या रजिस्टरात? माझ्याकडे 'स्थलांतरित' लिहिलेलं असतं. तिकडच्या आशाकडे ती बाई कधी नोंदलेलीच नसते.

---

जुना_एमओ | सोमवार, सायंकाळी ६.३०

डोंगरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आशाताईंना नमस्कार. काजळाची डबी माझ्या एकाही प्रशिक्षणात नव्हती.

आईच्या रक्ताबद्दल लिहितो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. राज्यात ४५.७ टक्के गरोदर बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. लोहाच्या १८० गोळ्या वाटल्या जातात, पण वाटलेल्या आणि गिळलेल्या यांत फार अंतर आहे. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, बाई घाबरून बंद करते. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, कैरी, चिंच यांच्याबरोबर घेतलेली बरी. हे सांगायला ओपीडीत अर्धा मिनिटसुद्धा मिळत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

आपल्या भागातली खास गोष्ट सिकलसेल, आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजांत त्याचे वाहक बरेच आहेत. रक्त कमी दिसलं की फक्त गोळ्या वाढवून चालत नाही, सिकलसेलची तपासणी झाली पाहिजे. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला लोह द्यायचं की नाही ते तपासून ठरवायचं असतं, फॉलिक अ‍ॅसिड मात्र लागतंच, आणि तिचं बाळंतपण रक्ताची सोय असेल तिथेच व्हायला हवं. हे सातव्या महिन्याच्या आत कळलं तर माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या दवाखान्याजवळच्या सोयीत, आधी आणून ठेवता येतं. कळा सुरू झाल्यावर कळलं तर आपण सगळेच पळत असतो.

---

पांझरा_धुळे | सोमवार, रात्री ९.१०

माफ करा, पण मला राग येतोय आणि तो लिहिणार आहे.

आमच्या गावात पंधरा वर्षांत किती सर्वेक्षणं झाली ते मोजता येणार नाही. फॉर्म भरतात, फोटो काढतात, जातात. माझी चुलत बहीण बाळंतपणानंतर गेली. बाळ झालं, वार पडली, मग अंगावरून जायला लागलं. पहिल्या ठिकाणी सांगितलं रक्त नाही, पुढे न्या. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर नाहीत, पुढे न्या. तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा पायरीवरच गेली. महिन्याने दोन माणसं आली. तासभर विचारलं, लिहून घेतलं. काकूने सगळं सांगितलं, रडून रडून. त्यानंतर आजपर्यंत कोणीही येऊन सांगितलं नाही की त्या कागदाचं काय झालं. तुमचं संशोधन तिच्या कोणत्या कामी आलं?

---

गोमाईकाठ | सोमवार, रात्री ११.२५

दादा, तुमच्या काकूंना उत्तर द्यायला परत कोणी गेलं नाही, हा अपराध आहे. तो पद्धतीचा आहे, माझ्यासारख्यांचाही आहे. मीसुद्धा पहिली काही वर्षं माहिती घेऊन आले आणि परत गेले नाही. त्याचं समर्थन माझ्याकडे नाही.

तुम्ही जे तीन दरवाजे लिहिलेत त्यांच्याबद्दल मात्र बोलू द्या. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोघींनी माता मृत्यूंवर 'तीन उशीर' अशी मांडणी केली. पहिला उशीर घरी, न्यायचं ठरवण्यात. दुसरा वाटेत. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळण्यात. त्याआधी आणि आजही बोलणं बहुतेक पहिल्यावर येऊन थांबतं. "लोक अडाणी, भगताकडे जातात, उशिरा आणतात." तुमच्या घराने पहिला उशीर केलाच नाही. तुमचा सगळा वेळ तिसऱ्या उशिरात गेला. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव सुरू झाला की हातात साधारण दोन तास असतात.

हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय कागदावर येत नाही. केसपेपरवर 'रुग्ण मृतावस्थेत आणला' एवढंच असतं. आधीच्या दोन दारांची नोंद फक्त तुमच्या काकूंच्या तोंडी आहे. ती नोंद असेल तर विचारता येतं की पहिल्या ठिकाणी रक्त साठवायची सोय मंजूर असून सुरू का नव्हती. रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, फ्रिज चालू होता का, वीज किती तास होती. मी एका बैठकीत एवढंच मांडलं होतं, की या घरांतल्या बाया किती दारं फिरल्या आणि कुठल्या दारात किती वेळ गेला. नावं नव्हती, फक्त वेळा. पहिल्यांदाच 'लोक उशिरा आणतात' हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारलं नाही.

मृत्यू थोडे असतात म्हणून त्यांच्याकडे पाहायचं टाळलं जातं, हेही खरं. मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे काढतात. २०१८-२० मध्ये राज्याचं ते ३३ होतं. एका तालुक्यात वर्षाला काही हजार बाळंतपणं, तिथे दर काढण्यात अर्थच नाही. तिथे एकेक मृत्यू वेगळा उघडून पाहावा लागतो.

आता मी दर पावसाळ्याआधी त्याच पाड्यांवर परत जाते आणि काय निघालं ते बायकांच्या बैठकीत सांगते, आकडे नाही, गोष्ट सांगते. तुमच्या काकूंना माता मृत्यू अन्वेषणाचा निष्कर्ष विचारायचा असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. मसुदा मी लिहून देईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

पांझरा_धुळे | मंगळवार, सकाळी ७.५०

व्यनि केला आहे.

---

कळणा_भाकर | मंगळवार, दुपारी १२.४०

आहारावर कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा गर्भारपणाआधीपासून मागोवा घेतला. जन्मलेली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही आत होती, दिसायला बारीक, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. आणि ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. हे वाचलं तेव्हा मला आमची कळण्याची भाकरी आठवली. ज्वारीत उडीद मिसळलेला, सोबत अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी. हे घरात होतं. ते गेलं आणि पाच रुपयांचा पुडा आला.

सासरी अजून म्हणतात, कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल. आणि बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तेव्हा भाजी संपलेली असते. २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली, आदिवासी भागात गरोदर बाईला आणि बाळंतिणीला रोज एक चौरस ताट. आम्ही एक पाहिलं. ताट घरी दिलं तर ते चौघांत वाटलं जातं. अंगणवाडीत बसवून वाढलं तरच बाईच्या पोटात जातं. म्हणून बसवूनच वाढायचं. चार जणी एकत्र बसल्या की बोलतातही, कोणाला पायावर सूज आहे, कोणाचं डोकं दुखतंय. कितीतरी वाढलेले बीपी मला तिथे जेवताना कळले.

---

केळीबाग_रावेर | मंगळवार, रात्री १०.०५

रविवारपासून हा धागा डोक्यात होता. आज आईजवळ बसलो होतो. माझ्या आधी एक भाऊ झाला होता, तो मेलेलाच जन्मला असं घरात सगळे म्हणत आले. मी आईला विचारलं, रडला होता का. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन डाव रडना व्हता." पन्नास वर्षं झाली. वडिलांनाही तिने सांगितलं नव्हतं, कारण सुईण म्हणाली होती की सांगू नको.

मी चूक केली का विचारून?

---

गोमाईकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

नाही दादा. आज त्यांच्याजवळच झोपा. आणखी काही विचारू नका. बोलल्या तर ऐका.

---

आशा_चोपडा | बुधवार, सकाळी ६.१५

ताई, आज पाड्यावर एक भेट आहे. परवा बाळ गेलं तिथे. मी नेहमी थेट विचारत आले, रडलं का म्हणून, आणि बाई गप्प बसते. तुम्ही कोणत्या क्रमाने विचारता ते लिहाल का? नऊ वाजता निघते.

---

गोमाईकाठ | बुधवार, सकाळी ६.४०

आधी बाळाचं काहीच नको. बाईला विचारा, तू जेवलीस का, झोप लागते का. अंगावरून किती जातंय, वास येतोय का, ताप आहे का. थर्मामीटर न्याच. बाळ नाही म्हणून अशा घरी भेटच होत नाही, आणि त्या बाईला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून छाती दगडासारखी होते, ते कोणाला सांगायलाही लाजते. थंड फडकं, छातीला आधार देईल असं कापड, आणि दुखणं कमी होईल इतकंच थोडं दूध हाताने काढायला सांगा. तिच्या भेटी ४२ दिवसांपर्यंत चालू ठेवा, बाळाचा रकाना बंद झाला तरी.

मग कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, रंग कसा होता. मग, "बाळाला पहिल्यांदा कोणी उचललं?" इथे बहुतेक बाया स्वतःच बोलू लागतात. जिने उचललं तिच्याशीही वेगळं बोला. नंतर, आवाज आला का? रडलं नसेल तर कण्हलं का? हात-पाय हलवले का? छाती वरखाली झाली का? अंगाची कातडी सोलवटलेली होती का? तसं असेल तर बाळ कळांच्या आधीच पोटात गेलेलं असण्याची शक्यता जास्त. कातडी नीट होती आणि बाळ थोडंसंही हललं असेल, तर जिवंत जन्म लिहा, कोणी काही म्हणो.

नाव ठेवलेलं नसतं, तिथे मी आईचं नाव लिहून पुढे 'चं बाळ' लिहिते. रकाना मोकळा सोडू नका. नाला भरला असेल तर आज जाऊ नका, उद्या जा, आणि पोचलात की इथे एक ओळ टाका.

---

आशा_चोपडा | बुधवार, सायंकाळी ७.२०

जाऊन आले. ताप होता, १०१. नर्सबाईंना फोन करून गाडी बोलावली, तिला उपकेंद्रात नेलंय. सासूच्या हातात आधी आलं होतं बाळ. कण्हलं होतं, असं ती म्हणाली. तसंच लिहिलंय.